बाबांच्या बक्कलाचा पोचा

जुन्या बाजाराच्या टोकाला, भंगाराच्या दुकानांच्या रांगेत शेवटचं दुकान पलटणीच्या जुन्या सामानाचं आहे. टोप्या, पत्र्याच्या पाण्याच्या बाटल्या, बिल्ले, रिकामी म्यानं आणि सगळ्यांत जास्त पट्ट्यांची बक्कलं. मागच्या खिडकीखाली एक बाई बसते. पन्नाशी उलटलेली, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, पितळ चोळून चोळून बोटांची टोकं कायमची हिरवट झालेली. बाजार तिला बक्कलबाई म्हणतो. तिचं खरं नाव दुकानाच्या मालकालाही पटकन आठवत नाही आणि तिचंही त्यावाचून काही अडत नाही. तिच्या उजव्या भुवईवर एक व्रण आहे, अर्धवट उठलेल्या शिक्क्यासारखा. तो कसा आला, ते सांगायचं आहे.

तिचं काम म्हणजे जुनं बक्कल खरं की खोटं ते सांगायचं, आणि खरं असेल तर त्याची काय किंमत यावी तेही. माणसं बक्कल पुढे करतात ती चित्राची बाजू वर ठेवून. ती हातात घेते आणि आधी पालथं करते. पुढून सगळेच चांगले दिसतात, असं तिचं म्हणणं. ठशाखाली दाबून काढलेल्या अस्सल बक्कलाच्या पाठीवर पुढच्या चित्राची खोलगट छाया असते. वाळूत ओतलेल्या नकलेची पाठ सपाट, आणि अंगभर बारीक खळगे, देवी येऊन गेल्यासारखे. मग ती जिभेचं टोक लावते, कारण आम्लात बुडवून म्हातारं केलेलं पितळ आंबट लागतं. मालक म्हणतो, एक दिवस बाईंची जीभ झडणार आणि माझ्या दुकानाला शांतता मिळणार. शेवटी ती बक्कल मऊ मेणाच्या वडीवर दाबते. धातूवर जे डोळ्याला दिसत नाही ते मेणात दिसतं.

सगळ्यात जास्त येतात ती गोळी लागलेली बक्कलं. आजोबांच्या पोटावर गोळी आली, बक्कलावर आदळली, आजोबा वाचले. मालक हे ऐकून ऐकून इतका विटलाय की गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणतो, अहो, इतक्या गोळ्या बक्कलांनीच खाल्ल्या तर लढाईत मेलं कोण? बक्कलबाई हसत नाही. ती पालथं करून बघते. घाव खरा असेल तर पुढे पोचा आणि मागे फुगवटा. धातू जागा सोडतो तो कुठेतरी जातोच.

धंदा दिसायला शांत, पण त्यात रक्त पुष्कळ. जमीन उकरून सामान काढणारे येतात. एकाने आणलेल्या बक्कलाला मागे कापडाचा तुकडा गंजून चिकटला होता आणि कापडाला चिकटलेली बारीक फासळी. तो म्हणाला, काडी आहे. तिने ते रुमालात गुंडाळून परत दिलं आणि जिथून काढलं तिथे पुरून ये म्हणाली. एकदा दोन शौकीन एका नाविकाच्या बक्कलावरून दुकानातच भिडले. एकाने म्यान उचलून दुसऱ्याच्या तोंडावर हाणलं. भांडण मिटलं, दोघं बाहेर जाऊन एकमेकांना शिव्या देत चहाही प्यायले, आणि पुढे कधीतरी खण साफ करताना तिला बटणांमध्ये एक दात सापडला.

म्हणून ती सकाळी टेबलावर बसली की पहिल्यांदा हात जोडते. देवाला काही मागायचं नसतं तिला. हातात येणाऱ्या प्रत्येक बक्कलासाठी मनातल्या मनात एवढंच म्हणते, ज्याच्या कमरेला हे होतं त्याला शांती दे. त्याने मारलं असेल किंवा तो मेला असेल, कोणत्या बाजूचा असेल, ते तुझं तू बघ.

एक कंबर मात्र अशी होती जिच्यासाठी हे शब्द तिच्या तोंडातून कधी निघाले नाहीत.

तिचे बाबा पलटणीत होते असं लोक म्हणायचे आणि बाबा म्हणू द्यायचे. खरं तर ते पलटणीच्या गोदामात पट्टे दुरुस्त करायचे. आयुष्यात बंदूक झाडली नव्हती त्यांनी. गोदामातला एक रुंद चामडी पट्टा कसा कोण जाणे घरी आला आणि त्यांच्या कमरेला बसला. पितळी बक्कल, त्यावर दोन आडव्या तलवारी आणि वर पाच टोकांची चांदणी. गोदामात कुणी साहेब काही बोलला की घरी तो पट्टा निघायचा. निघताना बक्कलाचा खट् असा आवाज व्हायचा. तो आवाज आला की आई आधी चूल विझवायची. एकदा मार खाताना ती पेटत्या चुलीवर पडली होती, तेव्हापासून.

एका संध्याकाळी बाबांनी पट्टा उलटा धरला. टोक मुठीत, बक्कल मोकळं. आई भिंतीशी गोळा होऊन पडली होती, कानातून रक्त मानेवर उतरलं होतं. बाबा लेकीकडे वळले. ती तेव्हा शाळेत जाणारी पोर. ती सरपटत खाटेखाली शिरली आणि वरून आलेला फटका लोखंडी खाटेच्या पायावर बसला. ठिणगी उडाली. बाबांनी बक्कल दिव्याशी नेऊन पाहिलं. चांदणीचं एक टोक आत दबलं होतं, आणि मागे वाटाण्याएवढा फुगवटा.

"पलटणीची वस्तू बिघडवलीस," ते म्हणाले.

त्या बिघडलेल्या वस्तूबद्दल तिला जो मार बसला त्यात डाव्या खांद्यावर चार टोकांची चांदणी उमटली. पुढचा फटका तिच्यावर बसलाच नाही, कारण मध्ये दादा आला. दादा तिच्याहून मोठा, पण तोही पोरगाच, मिसरूड फुटायचं होतं. तो तिच्या अंगावर पालथा पडला आणि बाबा दमेपर्यंत तसाच पडून राहिला. त्याची एक बरगडी मोडली. ती पुढे वाकडीच बसली. रात्रभर ती दादाची पाठ कोमट पाण्याच्या फडक्याने पुसत होती, आणि तो उशीत तोंड खुपसून म्हणत होता, बारके, जरा हळू.

नंतर घरी पाहुणे आले की बाबा त्या पोच्यावर बोट ठेवून सांगायचे, गोळी लागली. पाहुणे अदबीने हात लावून बघायचे. कोपऱ्यात बसलेली बारकी बघत असायची. पोच्याला पाठ असते, हे ती तेव्हाच शिकली.

आई आधी गेली. बाबा गेले ते एका दुपारी, भर ताटावर. सगळं आटोपल्यावर दादा मामांना आणि तिला घेऊन नदीच्या पुलावर गेला. त्याने पट्टा डोक्याभोवती फिरवून असा लांब फेकला की पाण्यात पडलेलाही ऐकू आला नाही. मग कठड्यावर हात ठेवून म्हणाला, आता आपल्या घरात कुणाच्या अंगावर पट्टा उठणार नाही. मामांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. बक्कलबाई पुलावरच रडली. पुढे मामांनी दादासाठी मुलगी पाहिली तेव्हा मुलीच्या आईला पुलावरची हीच गोष्ट सांगितली आणि स्वतः जामीन राहिले. त्या बाप मेलेल्या पोरीला तिच्या आईने मामांच्या शब्दावर दिली. आता ती आईही राहिली नव्हती.

दादा बाबा असतानाच ओतकामाच्या कारखान्यात लागला होता. पितळी तोट्या ओतायचा. बोलायला गोड माणूस. बहिणीच्या दारावरून जाताना काही ना काही पुडीत बांधून आणायचाच. बक्कलबाईने लग्न केलं नाही, एकटी राहिली, पण माझा दादा आहे हे ती चारचौघांत असं म्हणायची की ऐकणाऱ्याला हेवा वाटावा.

असं असताना एका भर दुपारी वहिनी दुकानात आली. हातात कापडी पिशवी, पायांत दोन वेगळ्या चपला. मालकाने काय समजायचं ते समजून चहाचं निमित्त काढलं आणि बाहेर गेला. वहिनीने दाराची कडी लावली आणि पदर खाली सोडून पाठ फिरवली.

"वन्सं, तुम्ही पाठ आधी बघता ना," ती म्हणाली. "बघा."

बक्कलबाईने चष्मा पुसला. पाठीवर जुने पिवळे वळ होते, त्यांवर निळे, निळ्यांवर ताजे लाल. कमरेच्या वर कातडी फाटून पोलक्याला चिकटली होती. आणि उजव्या खांद्याच्या फऱ्याजवळ, मेणात दाबावा इतका स्वच्छ, एक ठसा होता. दोन तलवारी. वर चांदणी. चांदणीला टोकं चार.

तिने मोजली नाहीत. तिचा खांदाच आखडला.

ती पाणी गरम करून फडकं घेऊन बसली. वहिनी हळूहळू सांगत होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून चालू होतं. परवा फटका पोटावर बसला, आणि जे पोटात होतं ते गेलं. दादा नंतर रडला, पाया पडला, आणि काल भाजी खारट झाली तेव्हा परत पट्टा काढला. आज तो कारखान्यात गेल्यावर वहिनीने खुंटीवरचा पट्टा तेवढा पिशवीत घातला आणि निघाली. कपडे घ्यायचं सुचलंच नाही.

"मला परत पाठवू नका," ती म्हणाली. "या खेपेला मी मरेन नाहीतर तो तरी मरेल."

बक्कलबाईने पिशवीत हात घातला नाही. कडी काढली आणि मालकाला मामांकडे निरोप घेऊन धाडलं.

सुटीच्या दिवशी सकाळी दुकानाची फळी अर्धी ओढून चौघं आत बसली. मामा खुर्चीवर, वहिनी दाराजवळच्या पेटीवर, दादा टेबलासमोर, बक्कलबाई आपल्या जागी. मालक उगाच टोप्या पुसत मागे उभा होता. त्याला जा म्हणायचं कुणाला सुचलं नाही आणि तोही स्वतःहून गेला नाही.

दादा इस्त्रीचा सदरा घालून आला होता. त्याने सगळं शांतपणे सांगितलं. बायको जिन्यावरून पडली, पोटातलं गेलं, तेव्हापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही. मारायला पट्टा हवा ना, तो तर नदीत आहे, मामा तुमच्यासमोर फेकला. हे बक्कल तिने बाजारातून आणलं असणार, असली छप्पन्न मिळतात. मामा मान हलवत होते. त्यांना ते खरं असायला हवं होतं, कारण शब्द त्यांचा गेला होता. शेवटी ते म्हणाले, भाचीचा हा धंदाच आहे, तिने सांगावं. बक्कल बाजारातलं असेल तर सूनबाईने मुकाट्याने नवऱ्याबरोबर घरी जावं, मी स्वतः सोडायला येतो.

पट्टा टेबलावर आला. बक्कलबाईने तो पहिल्यांदाच हातात घेतला. समोरून दादा बघत होता. त्याच्या डोळ्यांत तोच पोरगा होता, उशीत तोंड खुपसून हळू म्हणणारा.

"बारके, सांग," तो म्हणाला. "हे बाबांचं आहे का?"

तिने बक्कल पालथं केलं. पाठ सपाट होती. सपाट पाठीवर वाळूचे खळगे होते आणि कडेला कानशीचे ओरखडे. तिने जीभ लावली नाही. मेणावर दाबलं, उचललं, मेण खिडकीकडे धरलं.

"नाही," ती म्हणाली. "बाबांचं नाही. नकली आहे. वाळूत ओतलेलं."

दादाने मोठा श्वास सोडला. मामा गुडघ्यांवर हात टेकून, झालं तर मग, असं म्हणत उठू लागले. पेटीवर वहिनीने पिशवीचे बंद मुठीत धरले. तिचा चेहरा असा झाला होता की मालकाने पुसता पुसता टोपी खाली ठेवली.

एवढ्यावर थांबली असती तरी बक्कलबाई एक अक्षर खोटं बोलली नसती. तो क्षण तिला नंतर बरेच दिवस छळत राहिला. खरं बोलूनच त्या बाईला मरायला पाठवता आलं असतं.

"बसा वहिनी," ती म्हणाली. "नकली आहे म्हटलं. कशाची नक्कल आहे ते अजून सांगितलं नाही."

तिने बक्कल मामांच्या हातात दिलं आणि चांदणीवर बोट ठेवायला सांगितलं. पोचा लागतोय ना? आता मागे हात फिरवा. फुगवटा आहे? मामांनी अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. नाही, म्हणाले.

"म्हणजे याला घाव बसलेलाच नाही, मामा. हे पोच्यासकट जन्मलं. ज्याच्यावरून साचा काढला त्याला पोचा होता. चांदणीचं एक टोक खाटेच्या पायावर दबलेलं बक्कल जगात एकच होतं, आणि ते आपण नदीत टाकलं. टाकायच्या आधी त्याचा साचा कुणी काढला? आपल्यात ओतकाम कुणाला येतं?"

मामा बक्कलाकडे बघत होते, मग मेणाकडे, मग खालमानेने बसलेल्या सुनेकडे.

दादा अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आठवण म्हणून ठेवलं होतं गं. रागानं नाही. बाबांचं दुसरं काय आहे आपल्याकडे?"

"आहे की," ती म्हणाली. "माझ्या खांद्यावर आहे. तुझ्या बरगडीत आहे. तिच्या पोटात होतं ते तू काढलंस."

पट्टा मामांच्या हातातून कधी गेला ते कुणालाच दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की दादाने टोक मुठीत धरलं होतं आणि बक्कल मोकळं होतं. हात वर नेण्याची पद्धत बाबांची, खांदा आधी मागे घेऊन. फटका बक्कलबाईच्या कपाळावर बसला. चष्म्याची काच फुटली, भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं. ती खुर्चीसकट मागे कलंडली. मामा मध्ये पडले तर त्यांच्या तोंडावर बसला आणि पुढचे दात ओठात रुतले. मालकाने हाताशी आलेली लोखंडी टोपी दादाच्या डोक्यात हाणली, पण दादाला कळलंच नाही. तो खाली पडलेल्या बहिणीवर पुन्हा हात उगारत होता, तोंडाने काहीतरी म्हणत होता. पलटणीची वस्तू, एवढे शब्द मालकाने नंतर हवालदाराला सांगितले.

दुसरा फटका खाली आला नाही. पट्ट्यांच्या कड्या बसवायचा लाकडी हातोडा टेबलावर असतो. वहिनीने तो दोन्ही हातांनी उचलला आणि दादाच्या उगारलेल्या मनगटावर घातला. खट् असा आवाज झाला. बक्कलबाईला रक्तातून काही दिसत नव्हतं, पण तो आवाज आला आणि तिने लहानपणीसारखं अंग चोरलं. मग दादा ओरडला तेव्हा तिला कळलं की या वेळी तो पट्ट्याचा नव्हता. वहिनीने हातोडा पुन्हा उचलला. मामांनी तिला कमरेत धरून मागे ओढलं, आणि तोंडातून रक्त गाळत ते तिला सारखे म्हणत राहिले, बस, पोरी, बस, तू नाही जात कुठे.

हवालदार आला. नीट माणूस होता, आधी पाणी दिलं, मग लिहायला बसला. पट्टा समोर ठेवून विचारलं, हे काय म्हणून लिहायचं, जुनं पलटणीचं की काय? बक्कलबाई कपाळाला फडकं दाबून म्हणाली, नकली लिहा, पितळेचं, वाळूत ओतलेलं, आणि एक टोक मूळचंच कमी. तो जाताना आपला बक्कल नंबर सांगून गेला. तेव्हा मालक तिच्या कानाशी म्हणाला, हे तरी खरं आहे का, बघता का पालथं करून? फाटलेल्या भुवईसकट ती हसली आणि टाका पडायच्या आधीच जखम परत उघडली.

दादाला गाडीत बसवलं तेव्हा त्याचा हात फळीला बांधलेला होता. तिच्याकडे बघून तो म्हणाला, "बारके, ते नीट ठेवायला सांग त्यांना." गाडी गेल्यावर तिला आठवलं, तिच्या अंगावर पालथा पडताना तो किती जड होता.

वहिनी आता तिच्या खोलीत राहते. दुपारी दुकानात येऊन चामडं शिवते. हात चांगला आहे तिचा, पण पट्ट्याचं बक्कल स्वतः लावत नाही. ते काम मालक करतो. मामा अधूनमधून येतात, नवे दात बसवल्यापासून त्यांच्या बोलण्यात शीळ येते, त्यावरून मालक त्यांना छेडतो. खटला चालू आहे.

बक्कलबाई सकाळी हात जोडते, पण त्या दिवसानंतर बरेच दिवस जुने शब्द तिच्या ओठांवर येईनात. कमरेपाशी आले की अडकायचे. मग एका सकाळी समोर एक काळं पडलेलं बक्कल होतं, कुणा मोठ्या लढाईतलं म्हणून आलेलं. तिने ते पालथं केलं आणि शेजारी सुईत दोरा ओवत बसलेल्या वहिनीला ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणाली, देवा, ज्याच्या पाठीवर हे उमटलं असेल त्याला आधी बघ. कमरेला होतं त्याचं नंतर.

वहिनीने मान वर केली नाही. दोऱ्याला गाठ मारली आणि म्हणाली, "वन्सं, मेण गरम केलंय."

तिने बक्कल मेणावर दाबलं.